भुरी शांत झाली तेव्हा : सोलापुरातील एका दत्तक पिल्लाचा प्रकरण अभ्यास

नव्याने घरी आणलेल्या पिल्लाविषयी ‘फार दंगा करते, चावते, ऐकत नाही’ ही तक्रार पशुवैद्यकाच्या दवाखान्यात रोजचीच असते. ‘एकदम शांत झाले आहे’ ही मात्र तक्रार म्हणून सहसा कोणी सांगत नाही, उलट ती कौतुकाने सांगितली जाते. पुढील प्रकरणात या दोन्ही गोष्टी एकाच घरातून, काही आठवड्यांच्या अंतराने माझ्यापुढे आल्या. ज्या दंग्याने घर मेटाकुटीला आले होते, तो बऱ्याच अंशी निरोगी पिल्लाचा दंगा होता आणि त्यावर औषधाची नव्हे तर घराच्या वेळापत्रकात बदल करण्याची गरज होती. ज्या शांतपणाने घर निर्धास्त झाले होते, तो मात्र जिवावर बेतणारा होता. पिल्लाची चपळाई, त्याचा आहार आणि त्याची प्रकृती यांचा हिशोब वेगवेगळ्या वह्यांत मांडला की कशी गफलत होते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घर आणि पिल्लू

जुळे सोलापुरातील बैठे घर. घरात आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारे दोन नातू. घर शाकाहारी. पुढे पडवी, शहाबादी फरशीचे अंगण आणि जुन्या दगडी बांधकामाची कुंपणभिंत. फरशीचे सांधे आणि भिंतीतल्या भेगा उघड्या, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. शहरात इतरत्र असते तसेच नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने अंगणात हौद आणि दोन मोठी पिंपे भरून ठेवलेली. मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. कारखान्याच्या आवारात व्यालेल्या कुत्रीची पिल्ले मालट्रकच्या चाकाखाली जाऊ लागली, तेव्हा त्यांतले एक भुरकट रंगाचे मादी पिल्लू त्याने फेब्रुवारीअखेर घरी आणले. नाव ठेवले भुरी.

घरी आल्यावर आठवड्याभरात तिला दवाखान्यात आणले गेले. दुधाचे सर्व दात आलेले होते, त्यावरून वय सुमारे आठ आठवडे ठरवले. म्हणजे आईपासून ती सातव्या आठवड्यातच तुटली होती. पिल्ले आई आणि भावंडांपासून सहसा आठव्या आठवड्यानंतर वेगळी करावीत असे सांगितले जाते, त्याचे एक कारण असे की कितपत जोराने चावले म्हणजे समोरचा खेळ सोडून निघून जातो, हे पिल्लू भावंडांच्या दंगामस्तीतच शिकत असते. भुरीचे हे शिक्षण अर्धवट राहिले होते. परंतु ट्रकखाली सापडण्यापेक्षा आठवडाभर लवकर घर मिळणे केव्हाही बरे, हेही तितकेच खरे.

तक्रारींचा क्रम आजींनी सांगितला तो असा : संध्याकाळी सहा-साडेसहा झाले की पिल्लू घरभर उधळते, लुगड्याचा काठ धरून लोंबते, धाकट्या नातवाच्या पोटऱ्यांवर ओरखडे काढते, आवरायला गेले तर अधिकच चवताळते. जाता जाता, अगदी शेवटी, ‘पोट जरा पातळ आहे’ हे वाक्य आले.

पहिली तपासणी

वजन २.४ किलो. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, बरगड्या मात्र हाताला लागत होत्या आणि केस राठ होते. अंगात ताप नव्हता. हिरड्या गुलाबी आणि ओलसर होत्या. ही नोंद मुद्दाम करून ठेवली. लस न टोचलेल्या आणि पातळ शौच होणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत पहिली शंका पार्व्होची (विषाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या जुलाबाची) घ्यावीच लागते. ती चाचणी नकारार्थी आली. शौचाच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमी आणि आकडेकृमी या दोघांचीही अंडी दिसली.

यात नवल काही नव्हते. कुत्र्यांतील गोलकृमीच्या अळ्या आईच्या पोटात असतानाच वारेतून पिल्लात उतरतात आणि आकडेकृमीच्या अळ्या दुधावाटे येतात; म्हणजे रस्त्यावरच्या आईचे पिल्लू मातीत तोंड घालण्यापूर्वीच जंत घेऊन आलेले असते. म्हणूनच जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याने आणि तेथून सहा महिन्यांपर्यंत दरमहा देण्याची पद्धत आहे. भुरीला एकही मात्रा मिळाली नव्हती. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी शौचातून शेवयांसारखे जंत पडले आणि सूनबाईंनी घाबरून फोन केला. जंत पडणे ही औषध लागू पडल्याची खूण आहे, हे आधीच सांगून ठेवले तर असे फोन येत नाहीत. घरात लहान मुले असल्याने दोन गोष्टी ठामपणे सांगाव्या लागल्या. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्याबरोबर संसर्गक्षम नसतात, त्यांना मातीत दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे शौच रोजच्या रोज उचलले तर निम्मे काम होते. आणि आकडेकृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीतून आत शिरू शकतात, म्हणून मुलांनी त्या कोपऱ्यात अनवाणी फिरू नये.

पोटऱ्यांवरच्या ओरखड्यांकडे घरातील कोणीही गांभीर्याने पाहिले नव्हते. ‘आपलंच पिल्लू आहे की ओ,’ असे उत्तर मिळाले. परंतु ज्याचे लसीकरण झालेले नाही आणि ज्याच्या आईचा इतिहास ठाऊक नाही अशा पिल्लाच्या दातांनी रक्त आले असेल, तर वय पाहून रेबीजची शंका सोडून देता येत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे, हा नियम आहे. धाकट्याला त्याच दिवशी सिव्हिलमध्ये नेण्यास सांगितले. तेथे लशीचा पहिला डोस देऊन पुढील तारखा लिहून दिल्या गेल्या आणि पिल्लावर दहा दिवस नजर ठेवण्यात आली. पिल्लू ठणठणीत राहिले, तरी तो डोस वाया गेला असे मी म्हणणार नाही.

पहिली लस मात्र त्या दिवशी टोचली नाही. पोट सुधारेपर्यंत थांबून ती आठवड्याने, नवव्या आठवड्यात दिली. डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृतदाह यांवरची ही लस दर तीन-चार आठवड्यांनी, वयाचे सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एकच लस तीनदा का, असा प्रश्न मुलाने विचारला आणि तो रास्त होता. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लशीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते, म्हणून ओसरण्याच्या संपूर्ण काळावर लशींचे पांघरूण घालावे लागते. एक लस झाली की पिल्लू सुरक्षित झाले, ही समजूत त्यामुळेच घातक आहे.

भाकरी, दूध आणि राहून गेलेले कॅल्शियम

भुरीचा आहार घरातल्या मायेला साजेसा होता. सकाळी दूध, दुपारी दीडच्या सुमारास दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि रात्री नऊला सगळ्यांची जेवणे झाल्यावर वरणात भिजवलेली उरलेली भाकरी. म्हशीचे दूध पचणार नाही म्हणून त्यात निम्मे पाणी घातले जाई. दिवसभरात मिळून पाणी घातलेले तीनशे मिलिलिटर दूध आणि एक भाकरी, असा हिशोब आजींनी दिला.

हा हिशोब मांडून पाहण्याजोगा आहे. वाढत्या पिल्लाची ऊर्जेची गरज काढताना वजनाच्या पाऊण घाताला सत्तरने गुणतात आणि चार महिन्यांपर्यंत त्याची सुमारे तिप्पट धरतात. २.४ किलोच्या भुरीला त्यानुसार दिवसाला जवळपास ४०० किलोकॅलरी लागत होत्या. दूध-भाकरीतून तिला साडेतीनशेच्या आसपास मिळत होत्या, म्हणजे तूट फारशी नव्हती. प्रथिनांची तूट मात्र मोठी होती. दर हजार किलोकॅलरीमागे किमान ५६ ग्रॅम या मापाने तिला साडेबावीस ग्रॅम प्रथिने हवी होती आणि पोटात जेमतेम बारा-तेरा ग्रॅम जात होती. कॅल्शियमची स्थिती त्याहून वाईट. वाढीच्या काळात दर हजार किलोकॅलरीमागे सुमारे तीन ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे भुरीला रोज १.२ ग्रॅम, मिळत होते त्याच्या चतुर्थांश, आणि तेही जवळजवळ सर्व दुधातले. ज्वारीत कॅल्शियम अगदी थोडे आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे भाकरी वाढवली की हे प्रमाण अधिकच बिघडते. हाडांना हवे ते आहारातून मिळाले नाही की शरीर ते हाडांतूनच काढून घेते. दोन-तीन महिने हे चालले की पिल्लू लंगडू लागते, पाय वाकतात आणि पडवीच्या पायरीवरून उडी मारल्याच्या निमित्ताने हाड मोडते. भुरीचे पोट भरत होते, बांधा भरत नव्हता.

पाणी घातल्याने दूध हलके होते, या समजुतीचाही येथे विचार करावा लागेल. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाई-म्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक आणि दुग्धशर्करा कमी असते. बाहेरच्या दुधाने पिल्लांचे पोट बिघडते ते बहुधा या शर्करेमुळे. पाणी घालून शर्करा पातळ होते हे खरे, पण तिच्याबरोबर उरलीसुरली प्रथिनेही पातळ होतात.

उपाय सुचवताना घराचा विचार करणे भाग होते. अंडे आणि उकडलेले चिकन द्या, असे शाकाहारी घराला सांगून मोकळे होणे सोपे असते आणि निरुपयोगीही. आजींनी अंडे स्वयंपाकघरात येणार नाही हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट केले. मुलाने ते मागच्या मोरीजवळच्या जुन्या स्टोव्हवर उकडायची तयारी दाखवली आणि वाद तेथे मिटला. शेवटी ठरले ते असे : दोन तृतीयांश ऊर्जा पिल्लांसाठीच्या कोरड्या तयार खाद्यातून, म्हणजे सुरुवातीस दिवसाला सुमारे ७० ग्रॅम, कोमट पाण्यात भिजवून, उरलेल्यात थोडी भाकरी, ताजे दही आणि एक दिवसाआड उकडलेले अंडे. एकूण भाग चार, सकाळी सहा, अकरा, चार आणि रात्री नऊ. बदल एकदम न करता सात-आठ दिवसांत हळूहळू केला. दर आठवड्याला वजन करून प्रमाण वाढवायचे होते, कारण या वयात मागच्या पंधरवड्याचा हिशोब या पंधरवड्याला पुरत नाही.

मुलाने एका दुकानातून कॅल्शियमच्या औषधाची बाटलीही आणून ठेवली होती. ती बंदच ठेवायला सांगितली. तयार खाद्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस योग्य प्रमाणात घातलेले असतात. त्यावर आणखी ओतल्याने हाडे बळकट होत नाहीत, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांत तर हाडांची वाढ त्यामुळे वाकडी होते. घरचेच अन्न देणाऱ्यांना कॅल्शियम वरून द्यावे लागते हे खरे, पण ते मोजून, बाटलीवरच्या चित्राकडे पाहून नव्हे.

न देण्याच्या पदार्थांची चर्चा करताना एक खास सोलापुरी अडचण पुढे आली. धाकटा नातू आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा शेंगा चटणी लावून भुरीला भरवत असे. त्या चटणीत लसूण असतो, आणि लसूण व कांदा दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. एका तुकड्याने काही होत नाही, पण लहान पिल्लाला रोजचा रतीब नको. त्याहून काळजी करण्याजोगी होती ती बेदाण्यांची बरणी. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांवर आघात करतात, कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात फेब्रुवारी ते एप्रिल हा नेमका द्राक्षांचा हंगाम. बरणी फडताळात वर गेली.

संध्याकाळचा दंगा

घराचा अंदाज असा होता की पिल्लाच्या अंगात शक्ती मावत नाही, ती जिरवली पाहिजे. म्हणून थोरला नातू तिला दुपारी शाळेतून आल्यावर अंगणात पळवत असे, आणि संध्याकाळी दंगा वाढला की आणखी पळवत असे. दंगा कमी होण्याऐवजी वाढत गेला. तेव्हा आजींना एक काम दिले : पिल्लू कधी झोपते आणि कधी उठते एवढेच लिहून ठेवायचे. त्यांनी ते कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने, किराण्याचा हिशोब लिहावा तसे लिहिले. नोंदींत वारंवार आलेला शब्द होता ‘उठवली’. दुपारी दीडला झोपली, पावणेदोनला मुलांनी उठवली. तीनला झोपली, सव्वातीनला भंगारवाल्याच्या आरोळीने उठली. रात्री पडवीत साखळीला बांधलेली असल्याने गल्लीतल्या कुत्र्यांच्या प्रत्येक भुंकण्याला उठली. बेरीज केली तेव्हा चोवीस तासांत झोप बारा तासांच्या आसपास भरली. या वयाच्या पिल्लाला अठरा ते वीस तास झोप लागते.

दंग्याची वेळ आता आपोआप उलगडली. दुपारी दीडनंतर रात्री नऊपर्यंत पोटात काही नाही, दिवसभर सलग झोप नाही, आणि नेमके सहाच्या सुमारास सगळे घर एकत्र जमून तिच्याभोवती. थकलेले पिल्लू थकलेल्या लहान मुलासारखे पेंगत नाही, ते चेकाळते. अशा वेळी त्याला आणखी पळवणे म्हणजे त्याचा उरलासुरला ताबाही घालवणे.

बदल तीन झाले. जिन्याखालच्या कोपऱ्यात आंब्याची लाकडी पेटी आडवी ठेवून तिच्यात जुनी सोलापुरी चादर अंथरली आणि पेटीत गेलेल्या पिल्लाला कोणी हात लावायचा नाही असा नियम मुलांना घातला. चादर घट्ट विणीची होती हे मी तपासून घेतले. प्रथम तेथे कारखान्यातले खराब टॉवेल होते आणि त्यांचे सुटलेले धागे भुरी चघळत होती. गिळलेला लांब धागा आतड्यांना चुण्या पाडत जातो आणि आतडे कापूही शकतो, त्यामुळे टॉवेलच्या गावात ही सूचना अधिक ठळकपणे द्यावी लागते. दुसरा बदल, तासभर जागी राहिली की पुन्हा पेटीकडे न्यायचे, खेळ अर्ध्यावर असला तरी. तिसरा, रात्री साखळी नाही आणि पडवी नाही.

चावण्याबाबत ओरडणे, नाकावर टिचकी मारणे आणि तोंड दाबून धरणे बंद करवले. दात लागताक्षणी खेळ थांबवून उठून जायचे आणि लुगड्याच्या काठाऐवजी तोंडात दुसरे काही द्यायचे, एवढेच ठेवले. आजींनी यासाठी ओले करून थंड केलेले जाड सुती फडके वापरले. ते हातातच धरून चघळू द्यायचे आणि लगेच उचलायचे, या अटीवर मी मान्य केले.

शक्तीचा प्रश्न उरला नाही असे नाही, पण तो पळण्यापेक्षा नाकाने सोडवला. चार वाजताचे खाद्य वाटीत न देता सावलीतल्या फरशीवर पसरून किंवा उलट्या वाट्यांखाली दडवून द्यायला सांगितले. पंधरा मिनिटे हुंगून शोधण्यात पिल्लू जितके दमते तितके अर्धा तास पळून दमत नाही. ‘वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटे चालवा’ असा एक हिशोब सर्वत्र सांगितला जातो. त्याला भक्कम आधार नाही. पिल्लाला स्वतःच्या मर्जीने थांबता येते का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

लसीकरण अपुरे असताना बाहेर न्यावे की नाही, हा पेच प्रत्येक घरात पडतो. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून रस्त्यावर सोडणे धोक्याचे. आणि नव्या गोष्टी निर्भयपणे स्वीकारण्याचे वय तीन ते चौदा आठवड्यांचे असल्याने घरात कोंडणेही धोक्याचे. भुरीला सकाळी कडेवर घेऊन कंबर तलावापर्यंत फिरवून आणले जाई, खाली न ठेवता. एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्मलेले हे पिल्लू कुकरच्या शिट्टीला किंवा वरातीच्या बँडला दचकत नव्हते. शांत बंगल्यातून आलेली पिल्ले याच वयात पलंगाखाली दडलेली मी पाहतो.

अकराव्या आठवड्यात वजन ३.३ किलो, शौच बांधीव, केसांना तकाकी. संध्याकाळचे उधळणे दहा-पंधरा मिनिटांवर आले होते. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस दुसरी लस आणि रेबीजची लस झाली.

‘लई शहाणी झालीय’

एप्रिलच्या मध्यास, ऊन चाळिशीपार गेले असताना, सूनबाई जंताच्या औषधाची पुढची मात्रा न्यायला एकट्याच आल्या. भुरी कशी आहे असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘लई शहाणी झालीय डॉक्टर. कुणाला चावत नाही, दिवसभर झोपून असतेय.’ झोप वाढवा हा सल्ला माझाच असल्याने त्यांना त्यात यश दिसत होते. परंतु चौदा आठवड्यांच्या पिल्लाचा स्वभाव चार दिवसांत बदलत नाही. खाणे कसे आहे असे विचारता, उन्हाने कमी झाले आहे, लस टोचल्यापासून मलूलच आहे, अशी दोन कारणे मिळाली. लशीनंतरचा मलूलपणा एक-दोन दिवसांत जातो. लस होऊन आठवडा उलटला होता. त्याच दिवशी भुरीला घेऊन यायला सांगितले. आजींनी नंतर स्वतःहून भर घातली ती अशी, की भाकरी थापल्याचा आवाज आला की दारात येऊन बसणारी भुरी गेले तीन दिवस उठली नव्हती.

ताप १०४.६ फॅरनहाइट. (कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण १०१ ते १०२.५ असते; नाक गरम की गार यावरून ताप ठरवू नये.) ओठ वर करून पाहिले तेव्हा पहिल्या तपासणीत गुलाबी नोंदलेल्या हिरड्या जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. उजव्या कानाच्या दुमडीत आणि पुढच्या पायांच्या बोटांमध्ये गोचिडी होत्या. रक्तात हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ४८ हजार, दोन्ही बरेच कमी. एर्लिकियाची, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूची, चाचणी होकारार्थी आली.

हा गोचीडताप. कुत्र्यांवरची तांबूस गोचीड आपल्या हवामानात बारा महिने असते आणि उन्हाळ्यात तिची पिढी झपाट्याने पुरी होते. संसर्ग झाल्यापासून एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, त्यामुळे गोचीड चावली ती मार्चअखेरीस किंवा त्यानंतर, भुरी घरी स्थिरावल्यावर, हे उघड होते. घरचे मात्र गोचिडी रस्त्यावरूनच येतात असे धरून चालले होते आणि भुरीला रस्त्यावर सोडलेच नव्हते. या जातीची मादी रक्त पिऊन झाली की अंगावरून उतरून फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. दगडी भिंतीच्या भेगा आणि शहाबादी फरशीचे सांधे यांहून चांगली सोय तिला कोठे मिळणार? फाटकापाशी सावलीला बसणारी गल्लीतली कुत्री ती आणून सोडत होती. अंगावर दिसणाऱ्या गोचिडी ही एकूण संख्येतली लहानशी वाटणी असते, बाकीच्या घरात असतात.

औषध म्हणून डॉक्सिसायक्लिन निवडले, सलग २८ दिवस. या गटातील औषधांनी वाढत्या वयात दातांवर डाग पडू शकतात, हे मुलाने वाचले होते आणि त्याने विचारले. डॉक्सिसायक्लिनमध्ये ही शक्यता त्या गटातील इतर औषधांपेक्षा कमी आहे, आणि इतक्या खाली आलेल्या प्लेटलेट पाहता दातांच्या रंगाचा विचार मागे ठेवणेच शहाणपणाचे होते. आहाराशी औषधाचा संबंध येथे पुन्हा आला : कॅल्शियममुळे हे औषध शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून दह्याचा भाग औषधापासून दोन-तीन तास दूर न्यावा लागला. गोळी कोरडी न देता थोडे खाऊ घालून आणि वर पाणी पाजून द्यायची, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण करते. रक्त चढवण्याची वेळ येईल अशी तयारी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, भुरीने स्वतःहून अंडे खाल्ले आणि ती वेळ टळली.

या काळात शेजारून आलेले सल्ले नोंदवतो, कारण ते सगळीकडे सारखेच असतात. रॉकेल चोळा, फिनेलच्या पाण्याने अंघोळ घाला, म्हशीच्या गोठ्यातले गोचिडीचे औषध पातळ करून लावा. तिन्ही प्रकारांत कातडीतून आणि चाटण्यातून विषबाधा होते, आणि अशक्त पिल्लू त्यात दगावते. आठ आठवड्यांवरील आणि दोन किलोंहून अधिक वजनाच्या पिल्लांना देता येतील अशा गोचिडीच्या गोळ्या आता मिळतात. भुरीला वजनानुसार तीच दिली. अंगावरच्या गोचिडी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढल्या, चिरडल्या नाहीत. भिंतीच्या भेगा आणि फरशीचे सांधे सिमेंटने भरून घेण्यात आठ-दहा दिवस गेले. खर्च औषधांपेक्षा गवंड्याचा अधिक झाला.

‘देशी कुत्र्याला काही होत नाही’ हे वाक्यही त्या दिवसांत बऱ्याचदा ऐकले. रस्त्यावर दिसणारी धडधाकट देशी कुत्री ही जगलेली कुत्री असतात. त्याच विण्यातली जी पिल्ले पार्व्होने, जंतांनी आणि गोचीडतापाने गेली, ती मोजायला समोर नसतात.

उन्हाळा आणि त्यापुढे

आजारातून उठताना उन्हाचा वेगळा बंदोबस्त करावा लागला. फिरणे सकाळी साडेसहाच्या आत आणि संध्याकाळी साडेसातनंतर, हाताची मागची बाजू डांबरावर काही सेकंद टेकवता आली तरच. कुत्र्याला घामाने अंग थंड करता येत नाही, ते धापा टाकून थंड होते, आणि रक्त कमी असलेल्या पिल्लाला धापा टाकणेही जड जाते. पिण्याचे पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवून दिवसातून दोनदा बदलायचे, पिंपातले चार दिवसांचे पाणी पाजायचे नाही. हौदाला झाकण नव्हते. ते प्रथम बसवले.

पंधराव्या दिवशी प्लेटलेट सामान्य मर्यादेत आल्या, हिमोग्लोबिन औषध संपताना १०.९ होते. तिसरी लस सोळाव्या आठवड्याऐवजी एकोणिसाव्या आठवड्यात टोचली. उशीर झाला, परंतु तोपर्यंत आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरलेली असल्याने ती नीट लागू होण्याची शक्यताच अधिक. मधल्या आठवड्यांत मात्र रस्त्यावर न सोडण्याची अट पाळावी लागली. औषध संपण्याच्या सुमारास भुरी पुन्हा लुगड्याचा काठ ओढू लागली. आजींनी ही गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगितली आणि मी ती प्रकृतीच्या रकान्यात लिहिली. घरी आता एक सवय लावून दिली आहे : दर रविवारी वजन, हिरड्यांचा रंग, कान आणि पायांची बोटे, याच क्रमाने पाहायचे आणि कालनिर्णयवर नोंदवायचे.

सहाव्या महिन्यात पक्के दात आले, डाग दिसला नाही. वजन ९.२ किलो. पिल्ले होऊ न देता नसबंदी करावी यावर मुलगा आणि सून सहमत आहेत. एकदा तरी विऊ द्यावे असे आजींचे म्हणणे आहे आणि त्यावर चर्चा चालू आहे. शस्त्रक्रिया ठरली तरी तारीख देण्यापूर्वी प्लेटलेट पुन्हा मोजायच्या आहेत, कारण एर्लिकिया काही कुत्र्यांत वरून बरा दिसूनही आत रेंगाळतो आणि मग टाक्यांतून रक्त थांबत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीस गोचिडीची पुढची गोळी द्यायची आहे, आणि फाटकाबाहेरच्या भिंतीची एक भेग अजून भरायची राहिली आहे.